गफ्फारचाचांच्या पत्त्यातली बकरी

घाटंजीच्या गफ्फारचाचांना पत्ता थोडक्यात सांगता येत नसे. कुणी दुकान विचारलं की ते पिंजाईची मशीन बंद करत आणि मिशीवर बसलेला कापूस न झटकता बसस्टँडपासून सुरुवात करत. ऐकणारा बहुतेक वेळा दुकानातच उभा असे.

ते गाद्या भरत. कापसाचा भाव पडलेली वर्षं होती. विकण्यापेक्षा त्याच्यावर झोपलेलं बरं, असं गावात जो तो म्हणे, आणि झोपायला मात्र फोम आणी. त्या फोमचं एक चकचकीत दुकान यवतमाळला नौशादचं होतं. नौशाद म्हणजे चाचांच्या बायकोचा, आयशाबींचा, सख्खा भाऊ.

"तुळशीच्या लग्नापर्यंत पाहीन," आयशाबींनी एकदा सांगून टाकलं. "गझाला वेबसाइट काढून राह्यली ना? तिच्यावरून एक तरी ऑर्डर आली पाह्यजे. नाही तर नौशादच्या दुकानात बसा."

"पिंजाऱ्याचा पोरगा मी. फोमवर बसू?"

"बसू नका. उभं राहून विका."

गझाला ही त्यांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. यवतमाळला कॉम्प्युटर शिकत होती. वेबसाइट तिने झटपट केली, गाडी अडली ती पत्त्यावर.

"अब्बा, प्रत्येक पानाले पत्ता लागते. लहान, समजीन असा. लोक गुगलवर शोधतात तेच शब्द घ्याचे. कापूस-गादी. बस."

"एवढुसा? मंग माणूस येईन कसा?"

"माणूस येत नाही अब्बा, पान उघडते."

"अन उघडून? पानातच झोपते का तो?"

गझालाने कीबोर्ड पुढे ओढला. चाचा सांगत गेले, ती लिहीत गेली. आधी घाटंजी, मग तिरकी रेघ, मग बसस्टँड, तिरकी रेघ, पंजाबरावची चक्की, तिरकी रेघ, निंबाच्या मागे, तिरकी रेघ, बकरी-बांधली-तिथे, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून, गादी. आयशाबींनी हा पत्ता झाडून सगळ्या नातेवाइकांना फोनवर पाठवला. तो वाचता वाचता दम लागतो, असं माहेराहून उत्तर आलं.

मग बकरीद आली आणि पत्त्यातली बकरी गेली.

"काढ तिले," चाचा म्हणाले. "खोटा पत्ता द्याचा नाही."

गझालाने बकरी काढली. पुढच्या महिन्यात पंजाबरावांनी चक्की बंद करून तिथे मोबाइलचं दुकान टाकलं. चाचांनी पत्त्यातली चक्कीही बदलायला लावली. दर बदलानंतर जुना पत्ता उघडणाऱ्याला 'हे पान सापडलं नाही' एवढंच दिसे. गुगल बिचारं एक पत्ता ओळखू लागे, तोवर तो पत्ता गेलेला असे. महागावच्या एका बाईने तर फोन करून, दुकान बंद झालं म्हणून दुःख व्यक्त केलं.

पंजाबराव समोरून ओरडले, "गफ्फारभाई, लोकायची बकरी हारपते. तुमचं बकरीपायी दुकान हारपलं!"

तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं, ऑर्डर एकही नव्हती. चाचा जेवेनात. मशीनला तेल द्यायचे आणि तिच्याकडे बघत बसायचे.

"अब्बा, पानाचा पत्ता म्हणजे रस्ता नाही, नाव आहे," गझाला शेवटी म्हणाली. "उद्या निंब पडला तर तुमचं नाव बदलते का? खुणा आतमंधी लिहू, पाह्यजे तेवढ्या. वर फक्त कापूस-गादी. अन जुन्या पत्त्यावर जो येईन, त्याले आपोआप नव्यावर पाठवू."

चाचांनी वर पाहिलं. "म्हणजे जुन्या जागी एक पंजाबराव बसवाचा. तो येणाऱ्याले सांगीन का भाऊ, गफ्फार आता तिकडे गेला."

"बरोब्बर."

"मंग हे पह्यलेच सांगाचं होतं!"

गझालाने त्या रात्री जुन्या प्रत्येक पत्त्यावर एकेक पंजाबराव बसवला. खरे पंजाबराव दुसऱ्या दिवशी त्याचा चहा मागून गेले.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडचा आवाज अगदी दबका होता.

"दुल्हेभाई, नौशाद बोलतो. आपाने पाठवलेला तो बकरीवाला पत्ता उघडला. नवीनच पान निघालं, मस्त आहे. एक गादी भरा. कापसाची. कंबर गेली माझी."

"काहून? फोम आहे ना तुझ्या घरी?"

"फोमनंच गेली. माझ्या दुकानात कोणाले सांगू नका."

चाचांनी फोनवर हात ठेवून आयशाबींकडे पाहिलं. "तुझा भाऊ आहे. चालते का?"

 आयशाबींनी पदर तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही. "इंटरनेटवरून आली ना? मंग चालते."

चाचांनी मिशीवरचा कापूस झटकला, मशीनच्या बटणाकडे हात नेला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"गादी आणून देतो मी. घर कुठं म्हणालास?"

"दुल्हेभाई, ईदले तर आले होते तुम्ही!"

"ते ठीक आहे. तू बसस्टँडपासून सांग. अन समोर काय बांधलेलं असते?"