पॅरिसअण्णांचं वाचनालय

पॅरिसअण्णा पॅरिसला एकदाच गेले, लेकीच्या आग्रहाखातर, आणि आयफेल टॉवर न बघताच परत आले. सांगलीत जो तो तेच विचारी. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "त्यात पुस्तकं हाईत का?"

त्यांनी पाहिली ती ग्रंथालयं. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात उभी नोकरी गेलेली. चहात बोट बुडवून ते टेबलावर ती ग्रंथालयं पुन्हा उभी करत. सडसडीत लोखंडी खांबांवर पेललेले घुमट, गोल झरोक्यांतून उतरणारा उजेड. एक नवं ग्रंथालय तर चार उघड्या पुस्तकांसारखे काचेचे मनोरे. उन्हानं पुस्तकं करपू नयेत म्हणून आतून लाकडी झडपा लावाव्या लागल्या, हे ते व्याह्याची फजिती सांगावी तसं रंगवत.

जीव मात्र अडकला होता गॅसबत्तीच्या काळातल्या, विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयात. भिंतीवर कोरलेली लेखकांची नावं, खाली पुस्तकं आणि वर मजलाभर वाचनाचं दालन. "पुस्तकं पायाशी, मानसं उजेडात," म्हणायचे.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची नवी इमारत निघाली, तेव्हा अण्णांनी नकाशा काढला तो अगदी तसाच. समितीवर मीही होतो. होकाराला एकच मान कमी पडत होती, माझी. बाइंडर रज्जाकभाईंनी तेवढं विचारलं, "आवं अण्णा, पन पूर आला तर?"

"पॅरिसलाबी नदी हाय की."

यावर सगळ्यात मोठ्यानं मी हसलो आणि मान डोलावली. उद्घाटनाच्या भाषणात तर मी पॅरिस उचलून इंग्लंडात नेऊन ठेवलं. अण्णांनी उपरण्यात तोंड लपवलं.

मग एका पावसाळ्यात कृष्णा गल्लीत शिरली. पाणी ओसरल्यावर आम्ही कुलूप काढलं. वरच्या खुर्च्या कोरड्या ठणठणीत. खाली पुस्तकं फुगून कपाटांत अशी आवळून बसली होती की रज्जाकभाईंना ती पहारीनं उपसावी लागली. अण्णा चिखलात उभे होते. कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. मी धीर द्यायला गेलो आणि सवयीप्रमाणे नको ते बोललो. म्हटलं, अण्णा, पॅरिसचंही कधीतरी बुडालं असेलच.

अण्णांनी चिखलातून एक पाय उपसला.

"न्हाई गड्या. ते टेकडीवर हाय. मी सोता चढून गेलतो रं, दम लागला व्हता. कसं इसरलो?"

त्यानंतर ते त्या गल्लीत आले नाहीत. दुरुस्तीचा नकाशा मागायला मी घरी गेलो, तर त्यांनी चहा पाजला, पोराबाळांची चौकशी केली, नकाशाचं नाव काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले.

आता पुस्तकं वरच्या मजल्यावर असतात. जिना चढताना मला दम लागतो, मी मध्येच थांबतो. रज्जाकभाई खालून विचारतात, काय झालं. मी गुडघ्याचं नाव सांगतो.