इंटरनेट फोन आणि धाकट्याचा एकच मुद्दा

मागच्या दिवाळीनंतर तुमच्या बाबांचा निरोप आला, "आई, आता एकच काहीतरी ठरव." माझ्या मोबाइलवर तेव्हा कॅनडाशी बोलायच्या तीन सोयी होत्या. एक, चेहरा दिसणारी आणि फुकट. दुसरीत आधी लिंक येते, मग तुम्ही आत घ्याल तोवर बाहेर ताटकळत बसायचं. तिसरी इंटरनेटवरून थेट साध्या फोनची घंटी वाजवते. रविवारी संध्याकाळी मी एकीवर हाका मारत बसायची आणि तुम्ही दुसरीवर माझी वाट बघत असायचात.

काही ठरवायचं म्हटलं की मला कागद लागतो. शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा वादविवादाच्या मुलींना मी पानाच्या मधोमध रेघ मारायला लावायची. डावीकडे बाजूने, उजवीकडे विरुद्ध. तसंच पान मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं.

डावी बाजू भराभर भरली. चेहरा दिसतो. तुमच्यातल्या मोठीने केस कापले हे मला तिने सांगायच्या आधी कळतं. मेथीची भाजी नीट चिरली आहे का हे तुमच्या आईला कढई पुढे धरून दाखवता येतं. वेळेचं बंधन नाही.

उजवी बाजूही रिकामी राहिली नाही. आमच्याकडे लाइट गेली की वायफाय जातं, आणि लाइट नेमकी रविवारी जाते. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलतो, एकदम थांबतो, आणि मग "तू बोल", "नाही, तू बोल" यातच पाच मिनिटं जातात. चित्र अडकतं तेव्हा तुमच्या बाबांचं तोंड अर्धवट उघडं राहतं, आणि ते काही छान दिसत नाही. वेळेचं बंधन नाही हा मुद्दा मी उजवीकडेही लिहिला, कारण त्यामुळे फोन ठेवायचा कोणी हेच ठरत नाही.

पण हे सगळं निमित्त होतं. मला खरी काळजी होती ती धाकट्याची. दोन महिन्यांपासून तो फोनवर येतच नव्हता. कधी आंघोळीला गेलेला असायचा, कधी झोपलेला, कधी "इथेच होता आत्ता". तिकडे रविवारची सकाळ असते, नऊ वर्षांचा मुलगा दर रविवारी आंघोळीत किती वेळ राहील? एकदा सोफ्यामागून त्याचा पाय मला स्पष्ट दिसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला वाटलं, हा मला विसरायला लागला. मराठी सुटत चाललं असेल. त्याला आजी म्हणजे पडद्यावरची एक चष्मेवाली बाई.

म्हणून मी तुम्हा सगळ्यांना फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपापले मुद्दे पाठवायचे. सोय तर निवडली जाईलच, पण धाकटा काय लिहितो ते मला बघायचं होतं. बाबांनी चार ओळी पाठवल्या, त्यात दोन चुका होत्या. मोठीने सात मुद्दे आकडे घालून पाठवले. माझी नात शोभते. शेवटी तिने लिहिलं होतं, "त्याचा एकच मुद्दा आहे, तो विरुद्ध बाजूला लिही. आजी फोन सगळ्यांना देते."

मी ते वाक्य तीनदा वाचलं.

खरंच होतं. तुमचा फोन आला की मी तो घेऊन अंगणात जायची. कट्ट्यावर शेजारच्या मावशी असायच्या, समोरच्या सरांची बायको, कोपऱ्यावरचे रिटायर्ड तलाठी, त्यांच्याकडे आलेले पाहुणे. फोन हातोहात फिरायचा. "हा पाहा, किती उंच झाला!" आणि धाकट्याने प्रत्येकाला नमस्कार करायचा, तोही बरोबर. आम्हा घरच्यांना जयभीम, तलाठ्यांना रामराम, सरांच्या बायकोला नमस्कार. एकदा त्याने तलाठ्यांना जयभीम घातला. तलाठ्यांनी हसून तोच परत केला, पण कट्टाभर हशा पिकला. पोरगं लाल झालं होतं. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

आता तुम्ही विचाराल, मग फिरवायचाच कशाला? त्याचं कारण शेजारच्या मावशी. तुमचे बाबा नागपूरला होस्टेलवर होते तेव्हा गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडे होता. बाबांचा फोन आला की मावशी रिसीव्हर बाजूला ठेवून, पदर सावरत आमच्या दारात यायच्या, आणि मी पोचेपर्यंत त्यांच्या घरचे सगळे त्याच्याशी बोलून घ्यायचे. जेवलास का, पेपर कसा गेला, घरी कधी येतोस. ती चार वर्षं त्या फोनवर निघाली. त्यांच्यासमोर मी माझा फोन आत नेऊन दार कसं लावणार?

तरी पुढच्या रविवारी मी फोन आतच घेतला. त्याच्या पुढच्याही रविवारी. तरी धाकटा आला नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मावशी वाटीभर चटणी घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाई, काऊन लपवून राह्यल्या नातवाले? माही काय नजर लागते का?"

"तसं नाही, मावशी."

"मंग कसं? तुमच्या पोराचा फोन आला की तव्यावरची भाकर जयू देत होती मी, पयत येत होती तुमच्याकडे. आता तुमच्या हातात फोन आला तं आमाले दाखवाचं नाही?"

मी काहीतरी नेटवर्कचं कारण सांगणार होते. मग वाटलं, या बाईशी खोटं बोलायचं नाही. वऱ्हाडीतच सांगितलं, "त्याले आवडत नाही, मावशी. सर्वाइले नमस्कार करा लागते, लोक हासते. तो आता माह्याशीच बोलत नाही."

मावशी खाली बसल्या. "हात्तेच्या! मंग असं सांगा ना सरळ. मले काय त्याची हजेरी लावाची हाय? माहा नातू याच गावात राह्यते, महिना महिना तोंड नाही दाखवत. त्याले कोन्त्या इंटरनेटवर पाहू?" जाताना दारातून म्हणाल्या, "तुमच्या पोट्ट्याले सांगजा, बुढी रागावली नाही म्हना. आन् वाटी परत द्या बरं का, मागच्या वेळची अजून तुमच्याकडेच हाय."

त्या रविवारी मी कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजाचा फोन लावला आणि मोठीला म्हटलं, त्याला सांग, चित्र नाही, कोणी दिसणार नाही. शेवटी तिकडून धाकट्याचा "हं" आला.

मग माझीच पंचाईत झाली. चेहरा दिसत असला की विचारायला किती असतं. केस वाढलेत, स्वेटर घाल, तो दात पडला का? नुसत्या आवाजापुढे मला एक प्रश्न सुचेना. मी समोर निवडायला घेतलेली तुरीची डाळ निवडत राहिले. तिकडे काहीतरी खटखट वाजत होतं. फोन फुकट होता म्हणून बरं. एवढं गप्प राहायला मी एरवी धजले नसते.

"आजी, तिथे कोण आहे?"

"कोणी नाही."

"बाहेर?"

"दार लावलंय."

"तो आवाज कसला?"

"ताटात डाळ निवडतेय. तुझा कसला?"

"मी ठोकळे जोडून काहीतरी बनवतोय." मग तो बोलायला लागला. मराठी जिथे अडलं तिथे इंग्रजी, आणि इंग्रजी संपलं की पुन्हा मराठी. मी फक्त "मग?" म्हणत होते. डाळ केव्हाच निवडून झाली होती, तरी मी ताटात हात फिरवत राहिले, म्हणजे आवाज चालू राहावा. पाऊण तासाने त्याने आवाज एकदम खाली आणला आणि शाळेतली एक गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाला, "हे बाबांना सांगू नको. ताईला तर अजिबात नको."

बाबांना मी कळवलं की फुकटची पहिली सोय ठेवू या, कॅमेरा ज्याने त्याने ठरवावा. मोठीने लगेच विचारलं, एवढा वेळ तो काय सांगत होता? तिला जे उत्तर दिलं तेच इथेही लिहून ठेवते, कारण हे पान तीही वाचणार आहे. त्याने मला सांगितलं आहे, ते माझ्याजवळ आहे, आणि मोठे, तू कितीही मुद्दे आकडे घालून पाठवलेस तरी ते तुला मिळणार नाही.