फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य

जे छापलेलं नाही ते वाचायला शिकवणारा मास्तर, अशी आमच्या केंद्रातल्या शाळांमध्ये माझी थोडी ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवली. पाचवीची मुलं उतारा घडाघडा वाचतात, पण 'आई रागावली होती हे कशावरून?' असं विचारलं की 'तसं लिवलंच नाई' म्हणून मोकळी होतात. मग मी त्यांना खुणा शोधायला लावतो.

माझं लाडकं उदाहरण छत्रीचं. "एक बाई छत्री घेऊन घराबाहेर पडली. बाहेर काय असेल?" सगळा वर्ग म्हणाला, पाऊस. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "ऊन असन तं?"

गडचिरोलीच्या उन्हात राहून हे मला सुचायला हवं होतं. पण मी पडलो खाणींच्या गावचा, घुग्घुसचा. माणूस कोळसा खाणीतून आला की सिमेंटच्या कारखान्यातून, हे आम्ही त्याच्या कपड्यावरच्या धुळीवरून सांगतो. त्यामुळे अनुमानात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. तरी त्या दिवशी फळ्यावरच्या दोन प्रश्नांखाली तिसरा लिहावा लागला. काय दिसतं? त्यावरून काय वाटतं? दुसरं काही असू शकतं का?

हीच मुलगी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. आमच्या गावात शाळा पाचवीपर्यंतच. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात नदी कोणाचं ऐकत नाही. परीक्षेत नंबर लागला तर तिच्या पुढच्या शिक्षणाची सोय होणार होती. नाही लागला तर पोरगी घरीच बसणार, हे मला कोणत्याही खुणेशिवाय ठाऊक होतं. परीक्षा शनिवारी. आणि त्या आठवड्यात सोमवारपासून ती शाळेत आलीच नाही.

बुधवारी मी तिच्या घरी गेलो. दाराची कडी लावलेली, कडीत काडी खोचलेली. बाजा भिंतीला उभ्या केलेल्या. चुलीजवळ भांडी नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी गोंडीत काहीतरी सांगून दक्षिणेकडे हात केला. मला गोंडीत पाणी मागता येतं आणि जेवलात का ते विचारता येतं. त्या यातलं काहीच बोलत नव्हत्या.

दक्षिणेला तेलंगणा. तेलंगणात मिरचीची तोडणी. त्या दिवसांत आमच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं पिकअपमध्ये बसून तिकडे जातात, पोरंही सोबत नेतात. झाला निष्कर्ष. तिसरा प्रश्न शाळेत फळ्यावर होता, मी मोटारसायकलवर.

फाट्यावर एक पिकअप निघायच्या बेतात होती. मागे बाया, माणसं, पोरी, गाठोडी. मी मोटारसायकल तिच्यासमोर आडवी लावली आणि बोलायला सुरुवात केली. मिरची दरवर्षी लागते, पोरीचं हुकलेलं वर्ष परत येत नाही, वगैरे. बोलणं चांगलंच रंगलं होतं. सगळे गुपचूप ऐकत होते. शेवटी एका आजीनं विचारलं, "झालं का गुरुजी?"

"झालं."

"आमी साक्षगंधाले चाललो. तुमी येता का?"

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मग मला इस्त्रीचे कपडे दिसले, बायांच्या डोक्यातले गजरे दिसले. ड्रायव्हर म्हणाला, "सर, गाडी बाजूले घ्या. पोरीवाल्यायले वाटन आमी बदललो."

शाळेत परतलो तर आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, व्हरांड्यातच होत्या. "काऊन सर, तोंड पाडून आले?"

मी साक्षगंध वगळून सगळं सांगितलं.

"मिरचीले गेली मनता. कोनं पाह्यलं?"

"खुणांवरून वाटतं."

"मंग वर्गाले सांगा त्या खुणा. तुमचेच चेले आहेत."

मी वर्गात गेलो आणि खुणा सांगितल्या. कडी, काडी, बाजा, भांडी.

"कुत्रा होता का सर?" एकीनं विचारलं.

"नव्हता."

"मंग मिरचीले नाई गेले. गाडीवाला कुत्रा घेत नाई."

"दुसरं काही असू शकतं का?" पुढच्या रांगेनं एका सुरात विचारलं. माझाच सूर होता, नाकातला.

"जंगलात असन ना," कुत्र्याचं विचारणारी म्हणाली. "तिनं तं तुमाले सांगतलं होतं सर. तुमीच लिवलं फळ्यावर."

मी वळून पाहिलं. फळ्याच्या कोपऱ्यात, चौकटीत, माझ्या वळणदार अक्षरात वाक्य होतं: मोह पडून राह्यला.

आधीच्या शनिवारी शाळा सुटताना ती परीक्षेवाली मुलगी दारात थांबून एवढंच म्हणाली होती, "सर, मोह पडून राह्यला." मला वाटलं, निसर्गवर्णन. मी तिला शाबासकी दिली, सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि 'निसर्ग निरीक्षण' असा मथळा देऊन ते वाक्य लिहून ठेवलं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, मग गेली.

आमच्याकडे मोहाची फुलं गळायला लागली की घरंच्या घरं आपापल्या झाडाखाली मुक्कामाला जातात. फुलं पहाटे पडतात, गुरांच्या आणि हरणांच्या आधी वेचावी लागतात. मोह पडून राह्यला म्हणजे फुलं गळताहेत, म्हणजेच सोमवारपासून मी येत नाही. तो रजेचा अर्ज होता. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

"आता परीक्षेचं विचारून या," वर्गाच्या दारातून मोठ्या बाई म्हणाल्या. "नाईतर आनखी काही वाटन तुमाले."

वर्गातल्या दोघी वाट दाखवायला आल्या. जंगल गावाच्या दक्षिणेलाच होतं. झाडाखालची जमीन पाला जाळून साफ केलेली, बाजूला फुलं वाळत घातलेली. आधी कुत्रा भुंकला. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला नमस्कारच करणार होतो. पाल्याच्या मांडवातून ती बाहेर आली.

"शनिवारी परीक्षा आहे," मी म्हणालो. "माहीत आहे ना?"

उताऱ्यात सरळ छापलेलं कोणी विचारावं, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. "सुकरवारी घरी जाचं ठरलं आहे सर. बाबा सायकलनं नेते."

"तुमाले सांगतलं मने तिनं," तिचा बाप म्हणाला.

"सांगितलं. मला उशिरा कळलं."

"लिवून द्याले पायजे होतं," तिच्या आईनं लेकीला सुनावलं.

"लिहिलेलंच होतं बाई," मी म्हणालो आणि तिथल्या दगडावर बसलो. सकाळपासून पहिल्यांदा नीट बसलो. पोरीनं पानावर मोहफुलं आणून दिली, मी ती सगळी खाल्ली.

शनिवारी परीक्षा सुटली तेव्हा मी आणि तिचा बाप फाटकाबाहेर उभे होतो. उतारा कसा गेला, मी विचारलं.

"आजा दारात बसला होता. काऊन बसला, ते लिवलं नव्हतं."

"मग?"

"कोनाची वाट पाह्यते, ते निवडलं. पन घरात उकडत बी असन सर. तो पर्यायच नव्हता."

तिचा नंबर लागला. निकाल कळला तेव्हा मोठ्या बाईंनी साक्षगंधाचा पेढा आहे का विचारलं. म्हणजे ड्रायव्हरनं गावभर केलं होतं.

ती आता वसतिगृहात असते. परवा यंदाच्या वर्गातली एक मुलगी जाता जाता दारात थांबली. "सर, तेंदूची पानं निघाली."

मी खडू खाली ठेवला. "बरं. मग येशील कधी?"