डाव्या बाजूची ढोलकी

गाडीतला टेप बिघडला आहे, हे मला ढोलकीने सांगितले. शिकवण्यासाठी मी बीडहून अंबाजोगाईला रोज स्वतः गाडी चालवत जाते आणि नेकनूर मागे पडेपर्यंत पेनड्राइव्हवरची भीमगीते ऐकते. त्यातल्या एका जुन्या ध्वनिमुद्रणात गायिका आणि पेटी उजवीकडे, ढोलकी डावीकडे, अशी वाटणी आहे. गेल्या हिवाळ्यात ती ढोलकी विरत गेली. आधी तिच्या काठावरची टणक चाट गेली, मग घुमारा. उरली उजव्या दारातून गाणारी एकटी गायिका.

"डावा स्पीकर गेलाय," मी घरी म्हणाले.

"मीपण डावीकडंच बसतो," यजमान म्हणाले. "माझंही तुला ऐकू येत न्हाई. टेप बदलायचा का नवरा, ते एकदा ठरव."

मी हसले. हे अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी माझी तक्रार होतीच. रस्त्याच्या कामांमुळे वळणे सारखी बदलत होती, तेव्हा नवा सेट नकाशा दाखवणाराच घ्यावा असे ठरले. कोणता पडदा उन्हात स्पष्ट दिसतो, कोणत्याचा आवाज खोल आहे, याची मी तीन आठवडे चौकशी केली. त्या तीन आठवड्यांतही मी रोज घाटातून गाडी नेत होते.

दुकानात तापलेल्या कथलाचा आणि नव्या रेक्झिनचा वास होता. भिंतीवर लहानमोठे पडदे उजळले होते. माझ्याच वयाच्या मिस्त्रींनी तीन सेट काढून दाखवले.

"नकाशा मराठीत बोलतो का?" मी विचारले.

"बोलतो की. लई गोड बोलतो, घरच्यांपेक्षा." मग ते गाडीकडे वळले. "पण आधी सेट गेलाय का स्पीकर, ते बघू. उगं चांगला सेट कावून काढायचा?"

मी स्टिअरिंगपाशी बसले, मिस्त्री माझ्या डावीकडे. यजमान त्यांच्या खिडकीशी वाकून उभे राहिले. मिस्त्रींनी माझेच गाणे लावले आणि बटण फिरवून सगळा आवाज डावीकडे नेला. ढोलकी आली, पण लांबून, पातळ, माझ्या उजव्या काचेतून.

"पाहा, अजून उजवीकडूनच येतोय."

त्यांनी सेटकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मॅडम, उजवीकडला तर बंद केलाय मी."

"नाही. इथून येतोय."

मी उजव्या दाराच्या जाळीवर हात ठेवला. जाळी गार होती, निश्चल. मग त्यांच्या गुडघ्यांपुढून वाकून डाव्या जाळीवर हात टेकला. ती थरथरत होती. ढोलकीचा ठेका तळव्यावर आपटत होता, एकेक मात्रा मोजता यावी इतका ठळक. हाताला जे स्वच्छ कळत होते, ते कान भलत्याच दिशेचे सांगत होता.

"उजवा कान बोटानं दाबा बरं," मिस्त्री म्हणाले.

मी दाबला. गाणे नाहीसे झाले. त्यांचे ओठ हलले. खिडकीतल्या यजमानांचेही हलले. दोघांच्या चेहऱ्यांवरून मला समजले की दोघांनी काहीतरी विचारले आहे.

बोट काढले तेव्हा मिस्त्री हळू आवाजात म्हणत होते, "टेप चांगला हाय, मॅडम."

परतीच्या वाटेवर गाडी यजमानांनी चालवली. एकेक गोष्ट माझ्या पाठीवर गार पाण्यासारखी उतरत होती. दोनच दिवसांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल अचानक डाव्या चाकाशी उगवली होती. 'हॉर्न देता येत नाही का?' म्हणून मी त्या माणसाला रागावले होते. त्याने हॉर्न दिलाच असणार. वर्गात डावीकडे बसणाऱ्या मुली लाजऱ्या आहेत, पुटपुटतात, असेही मी किती दिवस धरून चालले होते. लघु-गुरूचा भेद कानाने शिकवणारी मी. माझे अर्धे जग केव्हा बंद झाले, हे मला सांगता येत नव्हते.

अंबाजोगाईच्या रुग्णालयात मला एका बंद खोलीत बसवले. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचे होते. उजव्या कानाला बोट भराभर वर गेले. डाव्याच्या वेळी नुसती वाट पाहणे. माझ्याच रक्ताची गुणगुण होती. शेवटी भीतीनेच मी बोट उचलले.

"मॅडम," चाचणी घेणारी मुलगी मायेने म्हणाली, "मी अजून वाजवलं नाही."

आत गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. अहवालाला चार दिवस लागले. त्या दिवसांत मी पदराची गाठसुद्धा सोडून ठेवत असे. गाठ निघाली नाही. कानाची नस मात्र क्षीण झाली होती. गेलेले परत येईल असे डॉक्टर म्हणाले नाहीत.

"आणि उजवा?" मी विचारले.

"आज उत्तम आहे."

त्यातला 'आज' तेवढा मी घरी घेऊन आले.

पंधरवड्यानंतर आम्ही पुन्हा दुकानात गेलो. गाडी सोडायची किंवा डावीकडे डोळा बसवायचा, एवढेच पर्याय होते. मी सर्वांत मोठा पडदा निवडला. डाव्या आरशाखाली कॅमेरा लावला. डावा इंडिकेटर दिला की नकाशा सरकून ती बाजू पडद्यावर येते. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र केले, तशी ढोलकी गायिकेच्या शेजारी येऊन बसली, जरा दाटीवाटीने.

"डावीकडला बंद करून टाकू?" त्यांनी विचारले.

"राहू द्या. तिकडे हे बसतात."

आता मी पुन्हा एकटी जाते. घाट आला की गाणे बंद करते. पडद्यावर माणसे येतात, हॉर्नशिवाय, इंजिनाशिवाय, आणि निघून जातात. त्यांची मला भीती वाटते. त्याहून मोठी भीती सकाळची असते. किल्ली फिरवण्याआधी मी उजव्या कानाशी दोन बोटे एकमेकांवर चोळते. वाळल्या कडब्यासारखी बारीक सळसळ येते. ती येईपर्यंत श्वास घेत नाही. कधी एकदा ऐकून विश्वास बसत नाही. मग आणखी एकदा चोळते.