उलटा टाका

शिंपीदादा चिडले की देवालाही सोडत नसत. बायकोच्या ऑपरेशननंतर भर वॉर्डात ते म्हणाले, "देवाला आपलं घर दिसतच नाही. एक माणूस तरी इकडे फिरकलं का?"

फिरकणार कोण? पाठच्या भावाला त्यांनीच दुकानातून हाकललं होतं. तो डावखुरा, त्याचा टाका उलट्या अंगाला तिरका पडायचा. गिऱ्हाइकाला कधी कळला नाही, पण दादांच्या डोळ्यांत सलायचा.

"असं बोलू नका हो," बायको म्हणाली. "दवाखान्याच्या या झग्याचे पाठीमागचे बंद तुटले होते, म्हणून उशाशी ठेवला होता. घालायची लाज वाटत होती. दुपारी डोळा लागला, जागी झाले तर बंद शिवलेले! लगेच अंगात घातला. मी देवाचेच आभार मानले."

"देव सुईदोरा घेऊन हिंडतोय वाटतं!" म्हणत दादांनी तिला कुशीवर वळवलं आणि त्यांची नजर बंदांवर गेली. टाके बारीक, नेटके आणि उलट्या अंगाला तिरके.

"मी कुठे होतो तेव्हा?"

"इथेच. शर्ट खुर्चीला अडकवून घोरत होता."

दादांचा हात छातीकडे गेला. किती दिवस तुटलेलं बटण जागेवर होतं. दुपारी शर्ट घालताना त्यांनी ते लावलंही होतं, पण मनात प्रश्न आला नव्हता. त्याचाही टाका उलटा.

त्यांची मान खाली गेली. "मला उठवलं का नाही त्यानं?"

बायकोनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तुम्ही जागे असताना देवाला तरी आत येऊ देता का?"