दादाभाऊच्या गाडीची बॅटरी

निमगाव सावाच्या एसटी थांब्याला लागून गेणभाऊचं पत्र्याचं गॅरेज होतं. जुन्नरला एका मिस्त्रीकडं चार वर्षं हात काळे करून पंच्याण्णव साली त्यानं ते टाकलं, तेव्हा गावात सगळ्या किकच्या गाड्या. पुढं बटनाच्या आल्या. बाकीचे मिस्त्री बटन बघून बिचकले, हा गडी काही बिचकला नाही. मालकाला बटन दाबायला लावायचा आणि आपण डोळे मिटून ऐकायचा. टकटक वाजून दिवा मिणमिणला, तर बॅटरी उतरलेली. एकदाच टक्क झालं आणि दिवा लख्ख, तर स्टार्टर मोटर अडकलेली. काहीच वाजलं नाही, तर बटनापासून वायर तपासत जायचं. खोटं कशाला बोला, माणसाचा कान होताच तसा. आणि त्याला त्याचा माजही होता.

हा माज दोन हजार सहा साली दादाभाऊच्या गाडीनं उतरवला.

दादाभाऊचा उजवा पाय कांद्याच्या ट्रॉलीवरून पडून मोडलेला, आत रॉड. किक मारायची सोय नाही, म्हणून तर त्यानं किक नसलेली, नुसत्या बटनाची गाडी घेतलेली. पहाटे साडेपाचला दुधाचे दोन कॅन लटकवून डेअरी गाठायची. आणि नेमकी पहाटेच गाडी टकटक करून बसायची. मग शेजारच्या सोपानला हाक मारायची, ढकलून चालू करायची, तोवर डेअरीचं माप बंद. दूध परत घरी. आठवड्यातून तीनदा असं झाल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

गेणभाऊनं बॅटरी चार्ज करून दिली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नवी बॅटरी बसवली, तीही उतरली. चालू गाडीवर चार्जिंग तपासलं, ते चोख. मग तो म्हणाला, "मोटरच जादा करंट खाती." मोटर खोलली, आतले कार्बनचे ब्रश बदलले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. मोटर बिचारी धडधाकट होती.

दादाभाऊ मधेच ओझरला जाऊन गणपतीपुढं गाडीच्या नावानं नारळ फोडून आला. तोसुद्धा गाडी बाहेर चालू ठेवून. बंद केली तर परत ढकलणार कोण? त्यानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा दूध परत आलं, तेव्हा थांब्यावरच्या चहावाल्यापुढं, दहा माणसांत, तो गेणभाऊला म्हणाला, "तू किकचा मिस्त्री हायेस राव. ह्यातलं तुला काय कळत न्हाई. आईतवारपतूर नीट कर, न्हाईतर सोमवारी जुन्नरला नेतो."

गेणभाऊला ते फार लागलं. दादाभाऊ शाळेपासूनचा मैतर. आणि तो जुन्नरला गेला की गावातल्या चाळीसएक बटनाच्या गाड्या त्याच्या मागं जाणार, हे काय सांगायला पाहिजे? कानावर उभं केलेलं अकरा वर्षांचं नाव एका बॅटरीनं बुडायची वेळ आली.

गाडी त्यानं दोन रात्री गॅरेजात ठेवून घेतली. दोन्ही सकाळी बटन दाबलं की चालू. म्हणजे गाडीत दोष नाही. गॅरेजात उतरत नाही ती बॅटरी घरी का उतरते? शनिवारी दुपारी त्यानं बाजूचं झाकण काढलं आणि पहिल्यांदाच कान बाजूला ठेवून नीट डोळ्यांनी बघितलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बारीक दातांचे ओरखडे होते. वायरचे चिमटे लावून काढल्याचे.

संध्याकाळी सातला गाडी पोचवायला तो दादाभाऊच्या मळ्यात गेला. लोडशेडिंगमुळं सगळीकडं अंधार गुडूप. विहिरीच्या पंपाला तेवढी वेगळ्या लायनीवरून लाइट आलेली, म्हणून दादाभाऊ आणि त्याची बायको बयाबाई पिकाला पाणी भरायला पायीच वावरात गेलेली. घरात एकटी दादाभाऊची आई, साळुबाई. उसात बिबट्या, म्हणून दार आतून लावलेलं.

गेणभाऊनं हाक मारली, तिनं दार उघडलं. त्यानं सरळच विचारलं, "मावशी, ह्या गाडीच्या बॅटरीला कोन चिमटं लावतंय?"

"मी," म्हातारी म्हणाली. "टीवीला."

कोपऱ्यात छोटा काळापांढरा टीव्ही होता, बॅटरीवर चालणारा. पूर्वी त्याला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी असायची, ती दिवाळीत मेली. वायर जोडायची तिला सवय होतीच. दिवे लागायच्या वेळेला गाडी पडवीत असायची. दादाभाऊ वावरात गेला की ही दीड-दोन तास टीव्ही लावायची आणि तो यायच्या आत झाकण परत जागेवर.

"आगं मावशी, मग सांगायचं न्हाई व्हय? लेक तुझा रोज पहाटं ढकलाढकली करतोय."

"मला कुनी इचारलं?" ती म्हणाली. "तू आलास, त्याला इचारलंस. सोपान आला, त्यानं त्याला इचारलं. गाडीचं बाईमानसाला कोन इचारतंय बाबा? मला काय ठावं, टीवीनं गाडी बसती म्हनून."

गेणभाऊला हसू आलं आणि लाजही वाटली. हा तीनदा ह्या घरी आला होता, तीनदा तिच्या हातचा चहा प्यायला होता.

"काय बघतीस येवढं? हिंदी कळती व्हय?"

"न्हाई कळत. मानसं बोलत्यात, तेवढं बरं वाटतं. अंधारात दार लावून बसलं की घर खायला उठतं."

दादाभाऊ वावरातून आला, तेव्हा गेणभाऊनं त्याला अंगणातच थांबवून सगळं सांगितलं. दादाभाऊ खाली मान घालून पायाचा चिखल काढत बसला. नंतर एवढंच म्हणाला, "मला वाटायचं म्हातारी लवकर झोपती." सोमवारी थांब्यावर मात्र त्यानं त्याच दहा माणसांत सांगितलं, की गाडी ठीक होती, चूक माझ्या घरची, गेणभाऊची न्हाई. माणूस तोंडाळ खरा, पण खोटा नव्हता. जुन्नरला कोणी गेलं नाही.

त्याच संध्याकाळी गेणभाऊ एका जीपची जुनी बॅटरी घेऊन मळ्यात गेला. जीप ओढायची नाही ती आता, पण टीव्हीला रग्गड होती. त्यानं चिमटे लावून दिले, पडद्यावर बायका भांडायला लागल्या. म्हातारीनं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"आता गाडी बंद पडायची न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई पडायची, मावशी."

"म्हंजी तू आता यायचा न्हाईस."

गेणभाऊ पिशवी उचलून उभा होता. त्यानं ती खाली ठेवली आणि टीव्हीपुढं मांडी घालून बसला.