कहुआच्या राईसाठी सातवी सही

वडील जंगल खात्यात होते. बुंध्यावर घणाने ठसा उमटवला की ते झाड तोडायला मोकळं, आणि ठसे उमटवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. पेन्शनीत निघाल्यावर मात्र ते रोज सकाळी वैनगंगेकाठच्या कहुआच्या राईत फिरायला जाऊ लागले. अर्जुनाच्या झाडाला आमच्या बालाघाटात कहुआ म्हणतात. पांढुरक्या सालीची जुनी झाडं, आणि त्यांच्यामधून घाटाकडे उतरणारी पायवाट. जमीन सरकारी होती, वाट साऱ्या गावाची. मी तेव्हा मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते. शाळेआधी मीही वडिलांबरोबर एक फेरी मारत असे.

एका सकाळी प्रत्येक बुंध्यावर चुन्याची फुली दिसली. वडिलांनी नखाने चुना खरवडला.

"हा खात्याचा ठसा नाही," ते म्हणाले. "कोणाले तरी लय घाई झाली आहे."

चौकशी केली तेव्हा कळलं, धानाच्या एका व्यापाऱ्याने गोदामासाठी ती जागा सरकारकडे भाडेपट्ट्यावर मागितली आहे आणि हरकतींची मुदत संपत आली आहे. वडिलांनी त्याच दिवशी हरकत लिहून नेली. कचेरीतल्या बाबूने कागद परत सरकवला.

"अकेले आदमी की आपत्ति से क्या होगा, बाबूजी? कोई संस्था है? हो तो रजिस्टर कराके लाइए."

बाबू हसत होता. वडील हसले नाहीत. घरी येऊन ते मला म्हणाले, "संस्था पाहिजे म्हणतात. देऊ त्याईले संस्था."

संस्थेला सात माणसं लागत. आम्ही दोघं, एक वैद्य, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि दोन शेजारी, असे सहा जमलो. सातवा मिळेना. व्यापाऱ्याशी वाकडं कोण घेणार? आमच्या घरचे कपडे धुवायला नेणारी वरठीण पायरीवर गाठोडं बांधत सगळं ऐकत होती. राईतल्या झाडांनाच तिच्या धुणं वाळवायच्या दोऱ्या बांधलेल्या असत.

"माहं नाव लिवा," ती म्हणाली.

"बाई, विचार करून सांगा," वडील म्हणाले. "त्या व्यापाऱ्याच्या घरचे कपडेही तुमच्याकडेच आहेत."

"हौ, आहेत. तं काय झालं? कपडे त्याचे आहेत, हात माहे आहेत."

बाबूने मात्र तिच्या अंगठ्याला नकार दिला. अंगठा चालणार नाही, सही पाहिजे. असा नियम खरंच होता की त्याने तिथेच बसून काढला, मला आजही ठाऊक नाही. ती बाहेर येऊन म्हणाली, "बाई, मले माहं नाव शिकवा."

मी तिला शिकवायला बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही बाई निरक्षर नव्हतीच. बिब्याच्या शाईने कपड्यांच्या कोपऱ्यावर खुणा करून ती गावातलं घर न घर ओळखत होती. दोन ठिपके म्हणजे वैद्य, आडवी रेघ आणि फुली म्हणजे तहसीलदार. साऱ्या गावाची नावं तिला लिहिता येत होती, फक्त स्वतःचं कधी लागलं नव्हतं. आठ दिवसांत ते आलं.

कचेरीत ती उभ्यानेच, एकेक अक्षर ओढत सही करू लागली. बाबू करवादला, "जल्दी करो, जल्दी."

तिने मान वर केली नाही. "तुमच्या सदऱ्यावर माह्याच हातची खूण आहे, साहेब. तवा जल्दी केली असती तं सदरा दुसऱ्याच्या घरी गेला असता."

संस्था नोंदली गेली, हरकत दाखल झाली, सुनावणी गुरुवारी ठरली. आणि सोमवारी सकाळीच कुऱ्हाडी घेऊन माणसं आली. आम्ही पोचलो तेव्हा एक झाड आडवं झालं होतं. वडील त्याच्याजवळ उभे राहून नुसते पाहत होते. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

वरठीण घाटाकडे पळत गेली आणि आपल्या जावा, नणंदा, शेजारणी घेऊन आली. झाडाझाडाला दोऱ्या बांधल्या आणि साऱ्या गावाचं ओलं धुणं त्यावर टाकलं. तहसीलदारांचे पायजमे, वकिलांचे काळे कोट, व्यापाऱ्याची स्वतःची धोतरं. मीही पदर खोचून पिळे झटकत होते.

"तोडा आता," ती कुऱ्हाडवाल्यांना म्हणाली. "झाड पडन तं साहेबाच्या कपड्यावर पडन. मंग तुमीच धुवा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बसून विड्या पेटवल्या. गुरुवारपर्यंत दोऱ्या रिकाम्या राहिल्या नाहीत. वाळलेलं काढायचं, ओलं टाकायचं. व्यापाऱ्याने आपले कपडे दुसऱ्या वरठ्याकडे द्यायला सुरुवात केली. तिने चौकशीही केली नाही.

सुनावणीनंतर अधिकारी स्वतः जागा पाहायला आले. रस्त्याकडची झाडं गोदामाला गेली. नदीकडची राई आणि पायवाट सार्वजनिक म्हणून राहिली. लोक म्हणाले, जिंकलात. वडील म्हणाले, "अर्धं जिंकलो. अर्ध्यासाठी पुन्हा अर्ज करू." त्यांनी केलाही, तीनदा. तिन्ही फेटाळले गेले.

माझी बदली किरनापुरला झाली. सरकारी शिक्षिकेने धुणं वाळत घालून कामात अडथळा आणला, असा ठपका होता. वडील कोट चढवून शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटायला निघाले, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"काहून अडवतेस?" ते म्हणाले. "एक शब्द टाकतो."

"तुम्ही माझ्यासाठी विनवणी केली, तर त्या बाईला मी काय तोंड दाखवू?"

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

किरनापुरला सहा महिने झाले तेव्हा शाळा तपासायला निरीक्षक आले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "बहनजी, दो लाइन लिख दीजिए कि खेद है. अगले महीने बालाघाट वापस." त्यांनी कागदही पुढे केला. मी तो घेतला आणि दोन ओळी लिहून दिल्या: खेद नहीं है. झाड़ अब भी खड़े हैं, आप चलकर देख लीजिए.

त्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. चहा न घेताच गेले.

मी किरनापुरात चार वर्षं राहिले.